प्रमाणकर्ण

कोल्हापूरच्या ध्वनिसंशोधन केंद्रात रोज सकाळी चहाच्या आधी एक गोष्ट व्हायची. तंबोऱ्याचं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण लागायचं, शरयू दाबके डोळे मिटून ते ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर." मगच यंत्रं कामाला लागायची, आणि मगच चहा. एखाद्या दिवशी बाई "नाही" म्हणाल्या, तर यंत्रं उघडून बघितली जात. बाईंचे कान बघायचं कुणाच्या मनातही येत नसे.

अठ्ठावीस वर्षं त्या केंद्राच्या 'प्रमाणकर्ण' होत्या. खराब झालेली जुनी गाणी यंत्रं दुरुस्त करायची, पण खरा आवाज परत आला की नाही, हे बाईंनी ठरवायचं. त्यांची मोहोर उठली की विषय संपला. अशी अकरा हजार गाणी आता संग्रहात होती, आणि उद्या, २०५८ सालच्या गुढीपाडव्याला, तो संग्रह लोकांसाठी उघडायचा होता. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं ठरलं होतं.

बाईंना या कामाचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत. केंद्रानेच बनवलेला श्रुतिपूरक हेडफोन त्यांच्या डोक्यावर इतकी वर्षं होता, की मधल्या भांगाच्या दोन्ही बाजूंना केस कायमचे दबले होते. पावसाळ्यात त्याच्या कानांवरच्या गाद्यांना बुरशी यायची. चौदा वेळा त्यांनी त्या बदलल्या, पण हेडफोन बदलला नाही. मेथी निवडताना, मंगळवार पेठेतून बसने येताना, नवऱ्याच्या शेवटच्या आजारात दवाखान्याच्या बाकावर बसून राहताना, गाणं त्यांच्या कानात होतंच. हेडफोनशिवाय ऐकलेलं गाणं आठवायचं म्हटलं, तर त्यांना फार मागे जावं लागलं असतं.

त्या सकाळी इंद्रजित चौगुले चहा न घेताच आत आला. कानाच्या भौतिकशास्त्रात या पोराचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण वाईट बातमी सांगायची अक्कल त्याला अजून आली नव्हती. मागोमाग संचालिका डॉ. मेहरुन्निसा मुल्ला आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"बाई, जरा बसा की," इंद्रजित म्हणाला.

"बसलेलीच आहे. बोल."

"उद्याच्या प्रदर्शनात लावायला म्हणून तुमच्या कानांचा नकाशा काढला. सेकंदाला चार हजार कंपनांच्या वर तुमचे दोन्ही कान अकरा वर्षांपासून दुबळे झालेत."

बाई हसल्या. "काल त्या सारंगीवरची गजाची खरखर मी पकडली. तुझ्या यंत्राने नाही."

"तुम्ही नाही पकडली, बाई. हेडफोनने तुम्हांला पकडून दिली."

मुल्लाबाईंनी त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण आता तीर सुटला होता. इंद्रजितने समजावून सांगायला घेतलं. निरोगी कान नुसता ऐकत नाही, तर ऐकलेल्या सुराला उत्तर म्हणून स्वतःही अगदी बारीक आवाज बाहेर टाकतो. याला केंद्रात 'कर्णनाद' म्हणत. हेडफोनमधला सूक्ष्म ध्वनिग्राहक तो कर्णनाद रोज टिपतो. ज्या सुराला उत्तर येत नाही, तिथे कान थकला असं समजून तो सूर तेवढाच वाढवून देतो. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला कळत नाही.

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "तंबोरा लाव. उघड्या कानांनी ऐकते."

तंबोरा लागला. सूर होते, पण त्यांच्यावरचं तेज गेलं होतं, ओलं फडकं टाकून झाकल्यासारखं. बाईंनी दोन्ही मिनिटं ऐकून घेतली. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"अकरा वर्षांत किती गाण्यांवर मोहोर मारली मी?"

"चार हजार दोनशे," मुल्लाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणूनच मी इंद्रजितला काल वीस तरुण बोलवायला सांगितलं होतं. त्यातली शंभर गाणी त्यांना त्यांच्याच हेडफोनवर ऐकवली."

"मग?"

"शंभरच्या शंभर ठिकाणी त्यांनी तुमच्यासारखाच निर्णय दिला."

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण इंद्रजितचा चेहरा उतरलेलाच होता. "तिथंच घोटाळा हाय," तो म्हणाला. "वीस माणसं असं एकमत कधी करत नाहीत. दोघं तरी भांडायला पाहिजे होती. म्हणून मी त्यांचे हेडफोन तपासले. सगळ्यांच्या नकाशात, हेडफोनने दुरुस्ती केल्यावर, तेराशे ऐंशी कंपनांपाशी एक बारीक खळगा येतोय. माझ्या स्वतःच्या हेडफोनमध्येसुद्धा."

"खळगा कसला?"

"पुष्कळ निरोगी कान स्वतःचा एक सूर अखंड काढत असतात. मालकाला पत्ता नसतो. तो सूर ज्याचा त्याचा वेगळा, आणि त्यापाशी त्या कानाला बाहेरचं जरा कमी ऐकू येतं. तेराशे ऐंशीचा सूर आपल्या सगळ्या नोंदींत एकाच कानाचा हाय. तुमच्या डाव्या."

मग मुल्लाबाईंनीच जुनी हकीकत सांगितली. २०३० साली पहिला हेडफोन बनला तेव्हा प्रश्न आला होता, की भर घालायची ती कुठवर? चांगला कान म्हणजे कोणता? दहा हजार लोकांची पाहणी होऊन सरासरी यायची होती. तोवर अडायला नको म्हणून तेहतीस वर्षांच्या शरयूबाईंना तीन आठवडे नीरव खोलीत बसवलं आणि त्यांच्या कानाचा नकाशा आत भरला. त्या नोंदीचं नावच 'तात्पुरता' असं होतं. पाहणीची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि एक दिवस फिरायचीही थांबली. आपल्याकडे तात्पुरता म्हणून घातलेला मांडव पाडायला कुणाला सवड असते? पुढे तोच हेडफोन देशभर गेला. जिथे कान कमी तिथे भर, जिथे जास्त तिथे कात्री, आणि सगळ्यांचं माप एकच.

"म्हणजे आज चाळीस कोटी लोक गाणं ऐकतायत ते बाईंच्या कानाने," इंद्रजित म्हणाला.

शरयूबाईंना क्षणभर भीती वाटली, आणि मग छाती भरून आली. मुल्लाबाई मात्र कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "मला उद्याचा कार्यक्रम थांबवावा लागेल, बाई. त्या वीस जणांची साक्ष म्हणजे तुमचीच साक्ष वीस वेळा. तुमचे कान दुबळे, बाकीच्यांचे त्यांचे राहिलेले नाहीत. चार हजार दोनशे गाण्यांना साक्षीदार कोण?"

बाईंनी टेबलावरचा हेडफोन उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. मास्तरणीने फळ्यावरची चूक दाखवावी तशा त्या म्हणाल्या, "इंद्रजित, इतरांच्या हेडफोनमध्ये माझा कान भरला. माझ्या हेडफोनमध्ये कुणाचा भरला?"

इंद्रजितचं तोंड उघडं राहिलं. "तुमचाच."

"मग काढ नकाशा."

त्याने बाईंच्या आजच्या कानाचा आलेख काढला, त्यात हेडफोनने घातलेली भर मिळवली आणि त्यावर २०३० चा आलेख ठेवला. दोन रेषांची एकच रेषा झाली. डाव्या कानाच्या खळग्याला तर हेडफोनने हातही लावला नव्हता, कारण तो तिथे मूळचाच होता. चाळीस कोटी लोकांना दुसऱ्याचा कान मिळाला होता. या एकटीला मात्र तिचा स्वतःचा परत मिळत होता, रोज, न चुकता.

"साक्षीदार सापडला का?" बाईंनी विचारलं.

"मोहोर कायम," मुल्लाबाई म्हणाल्या, आणि संचालिका असून त्या वाकून बाईंच्या पाया पडल्या.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "ती राहिलेली पाहणी पाडव्यापासूनच सुरू करा. लोकांना ज्याचे त्याचे कान द्या. तेराशे ऐंशीचा सूर ही पोरं जन्मापासून कमी ऐकतायत, माझ्यापायी. माझ्या हेडफोनमधलं मात्र काही बदलायचं नाही."

"बरं," मुल्लाबाईंनी उद्याच्या मानपत्राचा कागद पुढे केला. "यातलं काही बदलायचं?"

शरयूबाईंनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वय एकसष्ट कुणाचं लिहिलंय?"

"तुमचं, बाई."

"सत्कार कानाचा आहे ना? मग तेहतीस लिहा."