सासूच्या नावाचं रक्त

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावशीवर, पुष्पाबाईवर, भर दुपारी आलेली ही वेळ आहे. गाव कुंभार पिंपळगाव. साल १९९९, दिवाळीनंतरचे दिवस.

मावशीच्या सासूची, गोजरबाईची, आतड्यातली कॅन्सरची गाठ औरंगाबादला काढली होती. म्हातारी खडखडीत बरी झाली. पण अधूनमधून रक्त तपासावं लागायचं. त्यात एक प्रोटीन असतं, डॉक्टर त्याला मार्कर म्हणायचे. माणूस वरून ठणठणीत दिसला, तरी मार्कर वाढला की समजायचं, आजार डोकं वर काढतोय.

म्हातारी विंचू चपलेनं मारायची, पण सुई म्हटली की गोधडीत शिरायची.

त्या दिवशी लॅबचा नवा माणूस दारात आला. म्हातारी कुजबुजली, "पुष्पे, तुझंच दे माय. रक्त ते रक्तच. त्याला काय कळून राह्यलंय?"

मावशीला दया आली. पदर पुढे ओढून, गोजरबाई मीच म्हणत तिनं हात पुढे केला. नंतर दोघी पोट धरून हसल्या.

काही दिवसांनी गावातल्या एसटीडी बूथवर फोन आला. मावशीचा नवरा धर्मराज तोंड पाडूनच घरी आला.

"मार्कर लई वाढलाय म्हणे. आईला जल्दी घेऊन या म्हणले."

मावशीनं सुई टोचलेला हात पदराखाली झाकला.

म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत होती. संध्याकाळी चुलीपाशी येऊन म्हणाली, "धर्माला सांग. तुझा इलाज होऊ दे."

"मशीन चुकली असंल, आत्याबाई. उद्या सांगते."

त्या रात्री म्हातारी झोपेतच गेली.

सगळे म्हणाले, आजार परत आल्ता, त्यानंच नेली. मावशी मूग गिळून बसली. लेकरं लहान होती. आपण बोललो की ते खरं होईल, अशी भीती तिच्या मनात बसली होती.

आणि मग सुरू झालं…

दुपारी घरात कुणी नसताना स्पिरिटचा वास यायचा. मावशीनं घर सारवून काढलं. वास गेला नाही.

मग म्हातारीची रिकामी बाज कुरकुरायला लागली… कुणीतरी कूस बदलावी तशी.

मावशी वळून बघायची.

कुणी नाही.

एकदा ती परातीत पीठ मळत होती. तेवढ्यात… कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे सुई टोचली होती तिथेच, कुणीतरी अंगठा दाबला.

थंडगार.

तिनं हात झटकला. अंगठा हलेना.

"सोडा, आत्याबाई! सांगते मी!"

लगेच सुटला.

पण तिनं सांगितलं नाही. धीरच होईना.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. झाडावर कावळे भरपूर, पण एकही खाली येईना. धर्मराज हात जोडून म्हणाला, "आई, तुझी गाय इकणार न्हाई. लेकरांचं बराबर बघतो."

कावळे जागचे हलले नाहीत.

ऊन चढलं. भावकी कुजबुजायला लागली. धर्मराज रडकुंडीला आला.

तेव्हा बायांच्या घोळक्यातून मावशी पुढे आली आणि पिंडापाशी वाकली. कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली.

"आत्याबाई, मशीन चुकली असंल तर शिवू नका. माझ्याच अंगात असंल, तर…"

पुढचं बोलायच्या आत पंखांचा आवाज झाला…

कावळा शिवला.

"सुटली म्हातारी!" सगळ्यांनी हात जोडले. मावशी मात्र धर्मराजचा सदरा धरून म्हणाली, "अवं, मला दवाखान्यात न्या."

मावशीच्या आतड्यात गाठ निघाली. लहान होती, म्हणून ती वाचली. आत्याबाईंनीच वाचवलं, असं ती आजही सांगते, आणि मी मान डोलावतो.

पण एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. आजार मावशीच्या अंगात होता.

मग धडधाकट म्हातारी त्या रात्री गेली कशानं?