उसना उमाळा

चौकातला भोंगा वाजला की अख्खं उजळगाव हातातलं काम टाकून नेत्याच्या पुतळ्यासमोर उभं राहायचं. नुसतं उभं राहून भागत नव्हतं. टाळ्या काय, कुणीही पिटतो! म्हणून प्रत्येकाच्या मनगटाला पट्टी होती. गौरवगीत सुरू झालं की छाती किती धडधडते, तळव्याला किती घाम सुटतो, अंगावर काटा येतो का, हे सगळं ती मोजायची. या मापाला सरकारने गोंडस नाव दिलं होतं, 'उमाळा'. पट्टी हिरवी झाली की माणूस निष्ठावान.

रेवती घाणेकरची पट्टी पिवळीच राहायची. राहणारच! तिच्या ओजसला याच सरकारने कॉलेजातून उचलून छावणीत डांबलं होतं. आणि घरच्यांची पट्टी पिवळी असेल तर कैदी सुटत नसे. ज्यांनी पोटचा गोळा नेला त्यांच्यासाठी उमाळा आणायचा कुठून?

शेवटी तिने शेजारच्या डॉ. टिपणिसांना गाठलं. ही पट्टी त्यांनीच बनवली होती, हृदयरोग्यांसाठी. तिचं पुढे काय झालं हे बघून ते नोकरी सोडून घरी बसले होते. त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, की पट्टीला उमाळा कळतो, तो कुणासाठी आहे हे कळत नाही. गीत सुरू झालं की मुलाला आठवा.

"पण रोज नको," ते म्हणाले.

"का हो?"

"फोडणीचा नुसता वास आला तरी तोंडाला पाणी सुटतं ना? मेंदू दोन गोष्टींची अशी गाठ मारतो. रोज उगाळून आठवण झिजते, आणि उमाळा जाऊन चिकटतो गाण्याला. मग मुलासाठी काही उरत नाही, रेवतीताई."

"आधी तो घरी तर येऊ दे," रेवती म्हणाली.

त्या दिवसापासून गीत लागलं की ती लहानपणचा ओजस आठवायची. तापाने फणफणलेला, तिच्या मांडीवर डोकं ठेवून मेतकूट-भात मागणारा. पट्टी हिरवीगार व्हायची. पुढेपुढे तर आठवावंही लागेना. भोंगा वाजला की डोळे आपोआप भरायचे. तिला हायसं वाटलं, रोजची कटकट गेली.

काही वर्षांनी ओजस सुटला. दारात उभा राहिला तेव्हा नुसती हाडं उरली होती. याच क्षणासाठी ती जगली होती, आणि आत काही हललंच नाही. तिने मेतकूट-भात कालवला, समोर बसली, चोरून मनगट पाहिलं. पट्टी पिवळी. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ओजसही परक्या बाईकडे बघावं तसा तिच्याकडे बघत होता. घास हातातच होता.

"आई, छावणीतही पट्टी असते," तो म्हणाला. "मी रोज तुला आठवायचो."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. दोघांनाही काही वाटलं नाही.

तेवढ्यात भोंगा वाजला. दोघं ताटावरून उठून उभे राहिले आणि दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चौकाकडे निघालेल्या शेजारणीने उघड्या दारातून ते पाहिलं आणि पदराने डोळे टिपले. जिना उतरताना ती टिपणिसांना म्हणाली, की बरं झालं बाई, मायलेकरांची भेट झाली एकदाची.