दहा दिवसांचा फरक

"चुकलंय!"

हातात खडू, पायाखाली डुगडुगणारं स्टूल आणि मागून हा आवाज. मी वळले. ब तुकडीतला तो... ज्याला सगळे 'पुरावा' म्हणतात. आईनं 'जेवायला ये' म्हटलं, तरी हा आधी पुरावा मागेल!

'विज्ञानात आजचा दिवस' हा फळा या वर्षी माझा. पहिलं विमान कधी उडालं, पहिली लस कधी टोचली... रोज सकाळी एक नोंद. गेल्या आठवड्यात मी एका शोधाचं आख्खं शतक चुकवलं, तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी बजावलं होतं, "आणखी एक चूक, की फळा दुसऱ्याकडे."

आणि आज हा!

"न्यूटनचा जन्म चार जानेवारीला? पंचवीस डिसेंबरला झालाय तो. लहान पोरांनाही माहीत आहे."

"मग त्यांनाच जाऊन शिकव."

तेवढ्यात बाई आल्याच. फळा वाचून त्यांनी चष्मा वर सरकवला. "काय गं? खरं काय?"

पूर्वीची मी असते, तर खडू टाकून पळाले असते. आज स्टुलावरून हललेसुद्धा नाही.

"बाई, दोन्ही तारखा खऱ्या. त्या काळी त्याच्या देशात जुनं कॅलेंडर होतं, आत्ताच्यापेक्षा दहा दिवस मागे. त्यांचा पंचवीस डिसेंबर म्हणजे आपला चार जानेवारी."

ग्रंथालयातून जाडजूड विश्वकोश आला. पान सापडलं. पुरावा वाचत राहिला... आता गुपचूप सटकणार, मला वाटलं. पण भरल्या व्हरांड्यात तो मोठ्यानं म्हणाला, "ती बरोबर आहे. मी चुकलो."

त्याचे कान लालबुंद! आणि माझी मान इतकी ताठ झाली, की संध्याकाळी दुखत होती.

मग तो रोज सकाळी फळ्यापाशी यायला लागला. चुका शोधायला म्हणे! एकही सापडली नाही. मी मात्र हल्ली फार सावकाश लिहायला लागले होते...

बरोबर दहा दिवसांनी तो आला. डस्टर उगाच या हातातून त्या हातात.

"तू... आवडतेस मला. त्याच दिवशी सांगायचं होतं, धीर झाला नाही. पण जुन्या कॅलेंडरनं आज चार जानेवारीच ना? म्हणजे उशीर नाही झालेला."

त्या डुगडुगत्या स्टुलावरच उडी मारावीशी वाटली. पण चूक ती चूक!

"दहा दिवसांचा फरक तेव्हा होता. वाढत वाढत आता तेरा झालाय."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे मी... तीन दिवस लवकर आलो?"

"हो."

"मग तीन दिवसांनी परत येऊ?"

मी स्टुलावरून उतरले. पहिल्यांदाच त्याच्यासमोर, जमिनीवर. खडू त्याच्या तळहातावर ठेवला.

"कशाला? उद्याची नोंद तू लिही. चुका काढायला मी आहेच मागे." मग एक खोल श्वास घेतला. "मलाही आवडतोस तू. आणि खबरदार, पुरावा मागितलास तर!"