पेनल्टीच्या वेळी उठायचं नसतं

"उठू नका... अजिबात उठू नका."

कोर्रादो मला म्हणाला ते हे पहिलं वाक्य. जहाजानं पालेर्मो सोडून जेमतेम तीन तास झाले होते. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर आमच्या इटलीची मॅच चालू होती. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी नुसती रिकामी खुर्ची बघून बसले होते, ऑलिव्ह खात. बी टाकायला बशी शोधत होते आणि बी पडली शेजाऱ्याच्या पेल्यात. ओशाळून उठायला गेले, तोच गोल झाला.

सगळा हॉल नाचत होता. हा शेजारी मात्र करडे डोळे मोठे करून माझ्याकडेच बघत होता.

"ही खुर्ची आता तुमची. आणि यापुढे प्रत्येक बी माझ्या पेल्यात."

"आणि तुम्ही ते पिणार?"

"देशासाठी," तो गंभीरपणे म्हणाला... आणि प्यायला.

आम्ही जिंकलो. आमच्याकडे असल्या गोष्टींना कुणी हसत नाही. ज्या शर्टात जिंकलं तो धुवायचा नाही, ज्या खुर्चीत जिंकलं ती सोडायची नाही, आणि 'आपण जिंकणार' असं तर चुकूनही म्हणायचं नाही – बोलून दाखवलं की हातचं जातं. तिसऱ्या दिवशी पुढच्या मॅचला गेले, तर माझ्या खुर्चीवर कुणीतरी रुमाल टाकून ठेवला होता आणि अख्खा हॉल मला वाट करून देत होता. तीही मॅच जिंकलो.

मधल्या दिवसांत मॅच नव्हती, तरी तो भेटत राहिला. दुपारी आम्ही कठड्याला टेकून उभे राहायचो. वाऱ्यानं माझे केस त्याच्या चेहऱ्यावर उडायचे आणि तो ते बाजूला करायचा नाही... पाण्यावरचा उजेड त्याच्या हनुवटीवर हलत राहायचा, मी काय सांगत होते तेच विसरून जायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंही नाही. पण तो जेनोव्हाचा. आठवड्याची फेरी संपवून शनिवारी सकाळी जहाज मला परत पालेर्मोला उतरवून त्याला पुढे उत्तरेला घेऊन जाणार होतं, आणि त्याबद्दल तो चकार शब्द काढत नव्हता.

"पोरी, त्याला तू हवीस की तुझी खुर्ची, ते एकदा बघून घे," अर्सिलिया मावशी म्हणाली. मी तिच्याबरोबर सहलीला आले होते, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी उपांत्य सामना. बरोबरी सुटेना, शेवटी पेनल्टीवर आलं. कोर्रादो माझ्याकडे झुकला.

"फायनलला तू घरी असशील ना... मग अशीच खुर्ची घेऊन बस. आणि ऑलिव्ह खा, विसरू नकोस."

म्हणजे खुर्चीच. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मी उठले.

हॉलमध्ये शंभर जणांचा श्वास अडकला. "अगं, बस..." कुणीतरी कळवळून म्हणालं. मी सरळ बाहेर, कठड्याशी गेले. सूर्य टेकला होता आणि पाणी दूरवर गुलाबी झालं होतं. मागे पावलं वाजली.

"खुर्चीवर न्यायला आलास?"

"नाही."

"आत पेनल्टी चाललीय."

"माहीत आहे. नुंझिया, मला जे मनापासून हवं असतं ना, ते मी बोलत नाही. बोललं की जातं... म्हणून आठवडाभर गप्प राहिलो. पण मी नाही बोललो तरी तू उद्या जाणारच. मग ऐक – मला तू हवी आहेस. खुर्ची गेली खड्ड्यात. उद्या तुझ्याबरोबर उतरू?"

आत एकदम सगळं शांत झालं. त्याची मान वळायला शिवशिवली, पण वळली नाही. आमच्या देशातला पुरुष पेनल्टीकडे पाठ करून उभा राहतो, यापेक्षा मोठं प्रेमपत्र निदान मला तरी ठाऊक नाही.

दार आपटलं. मावशी बाहेर आली.

"हरलो. आणि मेल्या, हिला उठू दिलंस म्हणून आतले सगळे तुला समुद्रात फेकायला निघालेत. जेनोव्हापर्यंत जिवंत कसा पोचणार तू?"

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी त्याचा हात धरला.

"तो जेनोव्हाला जातच नाहीये, मावशी," मी म्हणाले. "उद्या सकाळी आपल्याबरोबर उतरतोय."