मुसाची डिस्क

"मॅडम, माझ्या नवऱ्याचा आवाज चोरलाय," हफीजा म्हणाली, तेव्हा फौजदार विमला शिर्के यांनी हातातला चहा खाली ठेवला.

हफीजाचा नवरा मुसा जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला होता. तो समुद्रात बुडाला तेव्हा त्यांची लेक मनाल पोटात होती. होणाऱ्या लेकरासाठी त्याने लॅपटॉपवर आपला आवाज भरून ठेवला होता. पुढे मनालच्या फोटोंनी डिस्क भरली, म्हणून हफीजाने लॅपटॉप संदेशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मोठी डिस्क बसवायला दिला. जुनीतलं सगळं नवीत उतरवून देतो, असं तो म्हणाला होता. नवी डिस्क कोरीच निघाली.

विमलाबाई आधी राजिवड्याला तिच्या घरी गेल्या. खाडीकाठचं घर, पण खिडकी कुरकुरली नाही. बिजागऱ्या, पंखा, शिलाई मशीन, सगळीकडे ग्रीसचा जुना थर.

"हे कोणी फासलं?"

"त्यांनीच. घरी आले का ग्रीसचा डबा घेऊनच बसायचे. लॅपटॉपपण सोडला नाय."

दुकानात संदेश खुर्चीतून उठलाही नाही. दोन महिन्यांचा कोर्स केलेला हा इसम साऱ्या गावाला अडाणी समजत असे.

"जुनी डिस्क कुठाय?"

त्याने एक फुटकी डिस्क आणि चार गंजके स्क्रू काउंटरवर टाकले. "खारी हवा, मॅडम. चारही स्क्रू गंजून बसलेले. काढताना फुटली. या बायकांना कळतं काय?"

"हेच स्क्रू?"

"हेच. मीच काढले ना."

"आणि शोकेसमधली ती?"

"दुबईचा माल. देवरूखच्या गिऱ्हाइकाचा."

विमलाबाईंनी ती उचलली, तिला लागलेल्या स्क्रूवर बोट घासलं आणि बोट त्याच्या नाकापुढे धरलं. ग्रीस.

"रत्नागिरीत खारी हवा म्हटलं की कोणीही मान डोलावतो. आमची कपाटंही गंजतात. म्हणून तू ठेवणीतली थाप मारलीस. पण ज्याच्या घरची बिजागरीसुद्धा गंजत नाही, त्याच्या लॅपटॉपचे स्क्रू गंजतील? फुटकी डिस्क भंगारातली, मुसाची ही. सगळं उतरवायला दुपार मोडली असती, त्याचा तुला कंटाळा. वर चांगली डिस्क फुकटात विकायला मिळत होती. चोर तर चोर, त्यातही आळशी!"

संदेशचा चेहरा उतरला. "अजून पुसली नाय, मॅडम. मिटवूया ना. मी ऐकलंय, त्यात तसं काय नाय. एक माणूस नुसता बडबडतोय."

ऐकूनही विकायला काढली होती तर! विमलाबाईंना त्याची किळस आली. त्यांनी हफीजाला आणि मनालला बोलावून घेतलं आणि संदेशलाच ती डिस्क जोडायला लावली.

खरखर झाली. मग एक पुरुषी आवाज हसत म्हणाला, "काय रे लबाडा, अब्बाला ओळखलंस काय?"

हफीजाने तोंडावर पदर दाबला. मनालने दुकानभर नजर फिरवली. तिथे पुरुष एकच होता. ती त्याच्यापाशी गेली आणि त्याची पँट ओढत म्हणाली, "अब्बा?"

संदेशने मान खाली घातली.

"मान वर कर," विमलाबाई म्हणाल्या. "सांग तिला, तू कोण आहेस ते."