कोरी नळी

"आधी ते दार लावा. बाहेरची हवा आत येतेय."

ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तो यंत्रवाला, भलंमोठं खोकं ढकलत भलत्याच दारातून आत घुसलेला. ती रसायनवाली. घरांतल्या, कचेऱ्यांतल्या हवेत रंगाचे, नव्या फर्निचरचे कसले वायू मिसळलेत ते शोधणारी. अशी हवा काचेच्या बारीक नळ्यांत धरून आणायची आणि नळ्या तापवून मोजणीसाठी तयार करायच्या, हे सारं ती हातानं करायची. आता नळ्यांचं काम ते यंत्र करणार होतं.

"माझ्या हातापेक्षा बरं जमेल त्याला?"

"आधी हात तर बघू द्या," तो म्हणाला. त्याला स्वतःवर भारी भरवसा.

मग ती रोज त्याच्या खांद्याशी उभी राहून यंत्राचं काम बघू लागली… आणि यंत्रानं रंग दाखवायला सुरुवात केली. जिच्यातून हवा ओढलेलीच नाही अशा कोऱ्या नळीत काहीही सापडता कामा नये. इथं रोज संत्र्याच्या सालीतलं रसायन सापडायचं. त्यानं यंत्राचा स्क्रू न् स्क्रू उलगडला, तरी पत्ता लागेना. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, आज नळी स्वच्छ निघाली नाही तर यंत्र परत. म्हणजे तोही परत. यंत्रं काय, आणखी मिळाली असती; पण रोज खांद्याशी उभी राहणारी ही?

दुपारी ती समोर येऊन उभी राहिली.

"मान धुऊन या. शर्टही बदला."

"का?"

"सेंट लावता ना? संत्र्याच्या सालीतलं ते रसायन त्यातही असतं."

तो कानापर्यंत लाल झाला. अशा प्रयोगशाळेत सेंट लावून येऊ नये, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

"आधी नव्हतो लावत," तो म्हणाला. "तुम्ही शेजारी उभ्या राहायला लागलात — तेव्हापासून…"

तिनं बेसिनकडे बोट दाखवलं. तो धुऊन आला, नळी लावली. पडद्यावरची रेघ सरळ, सपाट. साहेब मान डोलावून गेले.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"पहिल्याच दिवशी. नाक तिखट आहे माझं."

"मग इतके दिवस गप्प?"

"मला आवडत होतं," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "पण आज तुम्ही निघून गेला असतात… आणि ते मला चाललं नसतं."