येसीचं सारवण

१९७४ च्या उन्हाळ्यात देवानंद मास्तर परतूरहून आष्टीजवळच्या एका गढीवर गेला, गढीमागची पडकी खोली उकरायला. दुसऱ्या दिवशी ती पाडून दगड शाळेच्या भिंतीला न्यायचे होते. गावाचं म्हणणं, ती घोड्यांची पागा. देवानंदला मात्र गढीच्या जुन्या मोडी यादीत, बैल-म्हशींच्या ओळीत, एक नाव सापडलं होतं : ‘कुणबीण येसी’. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी. माणूस ढोरांत धरलं, याचा त्याला संताप होता. इथं ती राहत होती हे संध्याकाळपर्यंत दाखवलं नाही, तर तिचं घरही ढोरांच्याच नावावर जाणार होतं.

भुताखेतांशी त्याचं देणंघेणं नव्हतं. भूत दिसलं तर हा आधी त्याची लांबीरुंदी घेईल, असं त्याची बायको शिवकन्या म्हणायची.

टळटळीत दुपारी हातभर माती निघाली आणि खाली जुनं सारवण लागलं. बोटांचे फटकारेसुद्धा शाबूत होते. देवानंदला आनंद आवरेना.

“घोडे सारवतेत व्हय, झुंबरबाई?”

माती उचलणारी झुंबरबाई हसली नाही.

“मास्तर, बाई सारवताना मागं मागं सरकत दाराकडं येती. हे उलटं हाय... दारापासून आत गेलंय.”

आतल्या कोपऱ्यात उकिडवं बसण्यापुरती जागा कोरी होती. दाराची कडी बाहेरून होती. एकाएकी ओल्या शेणाचा वास आला.

“चला मास्तर... ती निघालीच न्हाई तिथून.”

देवानंदनं हात जोडले. कोपऱ्याकडे बघत तो मोठ्यानं म्हणाला, “येसाबाई, हे तुमचंच घर. चला माझ्यासंगं, कागदावर आणतो.”

झुंबरबाईनं त्याचा दंड धरला. “असं बोलवू न्हाई, बापा...”

सरपंचानं सारवण पाहिलं आणि पाडकाम थांबवलं. देवानंद संध्याकाळच्या एसटीनं शीळ घालत घरी आला.

शिवकन्या बाहेरच उभी होती.

“अहो, आतल्या खोलीत कोण सारवलं? मी तर दुपारपासून इथंच हाय. अन् आपल्याकडं फरशी हाय...”

देवानंदनं कंदील पुढे धरला. शहाबादी फरशीवरचं सारवण अजून ओलं होतं. फटकारे उंबऱ्यापासून आत गेले होते, थेट त्याच्या कागदांच्या पेटीपर्यंत. तिथं, कोपऱ्यात, उकिडवं बसण्यापुरती जागा कोरी होती.